जुन्या ट्रकचे ऑईल काय सांगते?

दिल्लीच्या उत्तरेला, कर्नालकडे जाणाऱ्या हमरस्त्याजवळ संजय गांधी ट्रान्सपोर्टनगर आहे. इथून आझादपूरची भाजी-फळांची मंडी फार लांब नाही. नाशिकचा कांदा आणि द्राक्षे घेऊन बाराशे-तेराशे किलोमीटर धावत आलेले ट्रक माल उतरवून दुरुस्तीसाठी इकडे वळतात. कोणत्याही सकाळी इथे एक दृश्य हमखास दिसते. मिस्त्री इंजिनची डिपस्टिक ओढून बाहेर काढतो, टोकावरचे ऑईल अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळतो, नाकाशी नेतो आणि निकाल देऊन टाकतो, ‘‘उस्ताद, इंजन काम मांग रहा है.’’

हे वाक्य ऐकून ट्रकमालकाच्या पोटात गोळा येतो. ज्याच्याकडे पन्नास गाड्या आहेत, त्याची गोष्ट वेगळी. पण ज्याचा ट्रक एकच आहे, तोच मालक आणि तोच ड्रायव्हर आहे, त्याच्यासाठी इंजिन उतरवणे म्हणजे लाखाच्या पुढचा खर्च आणि त्यावर पंधरा दिवसांची कमाई बुडणे. मुलांची फी, घरभाडे, गाडीचा हप्ता, सगळे त्या एका इंजिनावर अवलंबून. उघडावे, तर कदाचित काहीच बिघडलेले नसेल. न उघडावे, तर भर रस्त्यात बेअरिंग जाऊन क्रँकशाफ्टच हातचा जायचा.

अशा वेळी इंजिनला हात न लावता आतली हकीकत कळली तर? ती कळू शकते. त्यासाठी लागते ते चहाच्या कपभर वापरलेले ऑईल.

आठव्या वर्षीच म्हातारपण

दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात ट्रक इतर ठिकाणांपेक्षा लवकर ‘म्हातारा’ होतो. राष्ट्रीय हरित लवादाने ७ एप्रिल २०१५ रोजी दहा वर्षांपेक्षा जुनी डिझेल वाहने या क्षेत्रात चालवण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी दहा वर्षांची डिझेल वाहने आणि पंधरा वर्षांची पेट्रोल वाहने यांच्याबाबत तीच भूमिका कायम ठेवली. २०२५ मध्ये हा प्रश्न पुन्हा न्यायालयात गेला आणि नियमांत फेरफार झाले. म्हणून आपल्या गाडीला आज कोणता नियम लागू आहे, हे परिवहन कार्यालयातच विचारून घ्यावे.

मात्र या दहा वर्षांच्या हिशेबाने मालकांच्या मनात एक प्रश्न कायमचा रुजवला. आठ वर्षे झालेल्या, सहा-सात लाख किलोमीटर चाललेल्या ट्रकच्या इंजिनवर मोठा खर्च करावा का? तो वसूल होईल का? की आहे तसाच चालवून पुढे विकून टाकावा? याचे उत्तर बोटांना ऑईल चोळून मिळत नाही. त्याला आकडे लागतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वयाची अट हवेच्या प्रदूषणासाठी आली आहे. ऑईलच्या तपासणीतून धुराचे प्रमाण कळत नाही आणि चांगला रिपोर्ट दाखवून कोणाला वयाच्या नियमातून सूट मिळत नाही. ही तपासणी मालकाच्या स्वतःच्या निर्णयासाठी आहे.

रेल्वेकडून आलेली युक्ती

ही कल्पना ट्रकवाल्यांची नव्हे, रेल्वेची. १९४० च्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वेने आपल्या डिझेल इंजिनांमधील वापरलेले ऑईल प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. ऑईलमध्ये कोणता धातू किती उतरला आहे, यावरून इंजिनचा कोणता भाग झिजतो आहे हे ओळखता येते, असे दिसून आले. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाने विमानांच्या इंजिनांसाठी हीच पद्धत उचलली. तिथे तर इंजिन वाटेत बंद पडून चालणारच नव्हते.

आपल्याकडेही ही पद्धत रेल्वेमुळेच रुळली. १९६२ मध्ये अमेरिकेहून आलेले आणि १९६४ पासून वाराणसीला बनू लागलेले डब्ल्यूडीएम-२ हे सोळा सिलिंडरचे, २६०० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन अनेकांनी पाहिले असेल. पुढची कित्येक दशके देशभरातल्या गाड्या त्याने ओढल्या. त्यात शेकडो लिटर ऑईल असे. ते उगाच बदलायचे नाही आणि इंजिनही उगाच उघडायचे नाही, म्हणून डिझेल शेडमध्येच प्रयोगशाळा असत. इंजिन शेडमध्ये आले की ऑईलची बाटली भरून प्रयोगशाळेत जायची. दिल्लीत तुघलकाबादला, आपल्याकडे पुण्याला आणि कल्याणला अशा शेड उभ्या राहिल्या.

दिल्लीला लागूनच फरिदाबाद आहे. तिथे इंडियन ऑईलचे संशोधन केंद्र १९७२ पासून आहे आणि वंगण हा त्याच्या कामाचा सुरुवातीपासूनचा विषय. म्हणजे या शास्त्राची जाणकार मंडळी ट्रान्सपोर्टनगरपासून तास-दोन तासांच्या अंतरावर आहेत. अंतर आहे ते सवयीचे.

चिमूटभर मीठ आणि पिवळी ज्योत

प्रयोगशाळेत नेमके करतात काय? स्वयंपाक करताना गॅसच्या ज्योतीवर चुकून मीठ सांडले, तर ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. तो मिठातल्या सोडियमचा रंग. प्रत्येक मूलद्रव्य प्रचंड तापले की आपापल्या ठरावीक रंगाचा प्रकाश देते. स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र ऑईलचा नमुना असाच तापवते, बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची वर्गवारी करते आणि कोणते मूलद्रव्य किती आहे ते सांगते. हे प्रमाण ‘पीपीएम’मध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असे लिहितात.

ऑईल इंजिनच्या प्रत्येक कोपऱ्यातून फिरून येते. जिथे झीज होते, तिथले कण ते सोबत घेते. लोखंड दिसले तर ते बहुधा लायनर, क्रँकशाफ्ट किंवा कॅमशाफ्टचे. क्रोमियम बहुतेक पिस्टनच्या रिंगांचे. ॲल्युमिनियम पिस्टनचे. तांबे, शिसे आणि कथील बेअरिंगचे. सिलिकॉन मात्र इंजिनचा भाग नव्हे. तो मुख्यतः बाहेरून आलेल्या धुळीचा असतो. सोडियम, पोटॅशियम किंवा बोरॉन वाढले, तर रेडिएटरमधले कूलंट ऑईलमध्ये झिरपत असल्याची शंका घ्यावी.

याशिवाय ऑईलची स्वतःची तब्येतही तपासतात. ते पातळ झाले असेल, तर त्यात डिझेल मिसळत असावे. फार घट्ट झाले असेल, तर काजळी साठली असावी किंवा उष्णतेने ते जुने झाले असावे. जळणातून तयार होणारे आम्ल मारण्याची ताकद ऑईलमध्ये मुद्दाम घातलेली असते. ती किती उरली आहे हेही मोजता येते. त्या आकड्याला ‘टीबीएन’ म्हणतात.

धूळ, गॅस्केट आणि नोझल

रिपोर्टवर आकड्यांची रांग पाहून गोंधळून जाऊ नये. एकेक आकडा सुटा न पाहता कोण कोणाबरोबर वाढले आहे ते पाहावे. डॉक्टरसुद्धा नुसत्या तापावरून औषध देत नाहीत. सोबत खोकला आहे की अंगदुखी, ते विचारतात.

समजा, सिलिकॉन वाढले आहे आणि त्याबरोबर लोखंड, ॲल्युमिनियम व क्रोमियमही वाढले आहे. याचा अर्थ इंजिन धूळ खात आहे आणि ती धूळ पॉलिश पेपरसारखी लायनर, पिस्टन आणि रिंगा घासते आहे. दिल्लीकडे मे-जूनमध्ये राजस्थानाकडून धुळीची वादळे येतात. जागोजागी चाललेल्या बांधकामांची धूळ बाराही महिने असते. अशा वेळी इंजिन उतरवण्याआधी एअर फिल्टर आणि तिथून इंजिनकडे जाणारा रबरी होज पाईप पाहावा. तडकलेला पाईप किंवा सैल झालेली क्लिप काही रुपयांत बदलते. ती वेळीच बदलली नाही, तर पुढे लायनर-पिस्टनचा पूर्ण संच बदलावा लागतो. मात्र इंजिनला नुकताच सिलिकॉनचा सीलंट लावला असेल, तर त्यामुळेही हा आकडा वाढतो. म्हणून अलीकडे काय काम झाले, हे प्रयोगशाळेला सांगावे.

दुसरा प्रकार. सोडियम, पोटॅशियम वाढले आहे आणि पाठोपाठ तांबे व शिसेही. कूलंट ऑईलमध्ये शिरले आहे आणि बेअरिंगवर त्याचा परिणाम होऊ लागला आहे, अशी ही खूण. हेड गॅस्केट, ऑईल कूलर आणि लायनरच्या रबरी रिंगा तपासायच्या. इथे दिरंगाई परवडत नाही. मात्र रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचे पाणी भरलेले असेल, तर ही खूण पुसट होते. पैसे वाचवण्यासाठी साधे पाणी ओतणारा मालक धोक्याची एक घंटाच काढून ठेवतो.

तिसरा प्रकार दिल्लीत फार दिसावा असा. धातू जवळजवळ ठीक आहेत, पण ऑईल पातळ झाले आहे आणि काजळी जास्त आहे. शहरात दिवसा जड वाहनांना प्रवेशबंदी असते. मग ट्रक सीमेवर रांगेत उभे राहतात. हिवाळ्याच्या रात्री कडाक्याच्या थंडीत इंजिन तासन्‌तास तसेच चालू ठेवले जाते. थंड इंजिनमध्ये डिझेल नीट जळत नाही आणि भिंतींवरून ओघळत ऑईलमध्ये उतरते. किलोमीटरचा काटा हलत नाही, पण ऑईल मात्र झिजत असते. नोझल गळत असली तरी असेच होते. उपाय इंजिन बांधणे हा नव्हे. नोझल तपासणे, ऑईल लवकर बदलणे आणि उभ्या गाडीचे इंजिन बंद करणे हा आहे.

तिन्ही उदाहरणांत मिस्त्रीच्या बोटांना लागलेले ऑईल सारखेच काळे दिसेल. डिझेल इंजिनमध्ये ऑईल काळे होणे हा दोष नाही. काजळी भागांवर चिकटू न देता स्वतःमध्ये धरून ठेवणे हे चांगल्या ऑईलचे कामच आहे. घाबरायचे ते दुधट, फेसाळ ऑईलला. त्यात पाणी गेलेले असते.

एका रिपोर्टवर भरवसा नको

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एकच रिपोर्ट हाती घेऊन इंजिनचा निवाडा करू नये. प्रत्येक इंजिनची घडण वेगळी, काम वेगळे. एका इंजिनला जो आकडा नेहमीचा, तोच दुसऱ्याला धोक्याचा असू शकतो. म्हणून आपल्या इंजिनची तुलना आपल्याच इंजिनशी करायची. निदान तीन रिपोर्ट हाती आले, की चाल दिसू लागते.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, ऑईल बदलून १०,००० किलोमीटर झाल्यावर लोखंड ४० पीपीएम निघाले. पुढच्या वेळी २०,००० किलोमीटरनंतर ६० निघाले. साठ हा आकडा पाहून मालक घाबरेल. पण हिशेब करा. पहिल्या वेळी दर हजार किलोमीटरला ४ पीपीएम वाढ होती, दुसऱ्या वेळी ३. म्हणजे झीज वाढलेली नाही, उलट थोडी कमी झाली आहे. याउलट तिसऱ्या वेळी १०,००० किलोमीटरलाच ९० निघाले, तर मात्र काहीतरी नवे घडले आहे आणि ते शोधलेच पाहिजे.

या हिशेबात एक खाचही आहे. जुने इंजिन ऑईल पिते. दर आठवड्याला लिटर-दोन लिटर नवे ऑईल ओतले, तर धातूंचे प्रमाण विरळ होते आणि रिपोर्ट फसवा, गोंडस दिसतो. म्हणून किती ऑईल वरून घातले, त्याची नोंद हवीच. अनेक घरांत ट्रकचा जमाखर्च घरची गृहिणी लिहिते. डिझेल, टोल, टायर यांच्या रकान्यांशेजारी ‘ऑईल घातले’ हा आणखी एक रकाना तिने आखला, तर प्रयोगशाळेच्या कागदाला अर्थ येईल.

नमुना कसा घ्यावा?

नमुना चुकला की सगळेच चुकते. गाडी चालून आल्यावर, इंजिन गरम असतानाच तो घ्यावा, म्हणजे कण तळाशी बसलेले नसतात. उत्तम मार्ग म्हणजे डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाईप घालून हातपंपाने ऑईल ओढणे. ते जमत नसेल, तर ऑईल बदलताना चेंबरचा नट काढल्यावर पहिली धार सोडून द्यावी आणि मधली धार बाटलीत धरावी. पहिल्या धारेत तळचा गाळ असतो. ऑईल चांगलेच गरम असते, तेव्हा हात सांभाळावा.

बाटली कोरडी आणि स्वच्छ हवी. पाण्याची रिकामी बाटली विसळून वापरू नये. आत राहिलेला एक थेंबही ‘इंजिनमध्ये पाणी’ असा खोटा निष्कर्ष देईल. साधारण शंभर मिलिलिटर नमुना पुरतो. बाटलीवर गाडीचा क्रमांक, तारीख, मीटरचा आकडा, ऑईलचे नाव व ग्रेड, ऑईल बदलल्यापासूनचे किलोमीटर आणि वरून घातलेले ऑईल एवढे लिहावे. त्याच जातीच्या नव्या, न वापरलेल्या ऑईलचा नमुनाही एकदा तपासून ठेवावा. ऑईलमध्ये मुळातच काही मूलद्रव्ये मिसळलेली असतात. सुरुवात कुठून झाली हे ठाऊक नसेल, तर वाढ कशी कळणार?

मोठ्या वंगण कंपन्या आपल्या मोठ्या गिऱ्हाइकांना ही सोय करून देतात. एकट्या मालकाने आपल्या ऑईलच्या वितरकाकडे विचारावे किंवा मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत जावे. दोन-चार मालकांनी मिळून नमुने पाठवले, तर बोलणी करणेही सोपे जाते. शुल्क किती चाचण्या करायच्या यावर ठरते, पण इंजिन बांधण्याच्या खर्चापुढे ते किरकोळच असते.

गॅरेजमध्येही एक प्राथमिक परीक्षा करता येते. फिल्टर पेपरवर किंवा टीपकागदावर ऑईलचा एक थेंब टाकून काही तास आडवा ठेवावा. डाग हळूहळू फिका होत पसरला, तर ऑईल अजून काजळी धरून ठेवते आहे. मध्ये गडद काळा ठिपका आणि त्याला स्पष्ट कडा दिसली, तर ऑईलची ताकद संपत आली आहे. तापलेल्या तव्यावर थेंब टाकून तडतडतो का पाहण्याची पाण्याची परीक्षाही मिस्त्री करतात. पण गरम थेंब डोळ्यांत उडू शकतो. ती स्वयंपाकघरात मुळीच करू नये.

दिल्लीचा ट्रक विकत घेताना

वयाच्या नियमामुळे दिल्ली परिसरातली अनेक वाहने ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत विकली गेली. असा जुना ट्रक स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्याने ऑईलचा नमुना जरूर तपासावा, पण एक प्रश्न आधी विचारावा, ‘‘ऑईल कधी बदलले?’’ विकणाऱ्याने कालच नवे ऑईल भरले असेल, तर प्रयोगशाळेला त्या नव्या ऑईलशिवाय काहीच दिसणार नाही. अशा वेळी शक्य असेल, तर जुना ऑईल फिल्टर मागून घ्यावा आणि कापून त्याच्या घड्या उलगडून पाहाव्यात. ऑईल बदलले तरी फिल्टरमध्ये अडकलेली धातूची चमक लपत नाही.

तपासणीच्या मर्यादाही ध्यानात असू द्या. स्पेक्ट्रोमीटरला अतिसूक्ष्म कण चांगले दिसतात. मोठे तुकडे त्याच्या नजरेतून निसटतात. म्हणून फिल्टर उघडून पाहणे आणि चेंबरच्या नटाला लोहचुंबक असेल तर ते तपासणे सुटत नाही. एखादा भाग अचानक तुटणार असेल, तर तेही ऑईल आधी सांगेलच असे नाही. ते सांगते हळूहळू होणारी झीज. पण बहुतेक इंजिने हळूहळूच झिजतात.

आणि काढून टाकलेले ऑईल? ते गटारात किंवा मातीत ओतू नये, भट्टीत जाळायला देऊ नये. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑईल घातक कचऱ्यात मोडते. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. ज्या हवेसाठी ट्रकला वयाची अट लागली, तीच हवा काळे ऑईल जाळून आणखी बिघडवण्यात काय अर्थ?

ट्रान्सपोर्टनगरच्या त्या मिस्त्रीचा अनुभव खोटा नाही. इंजिनचा आवाज, ब्रीदरमधून येणारा धूर, ऑईलचा वास, हे सगळे त्याला कळते. रिपोर्टचा कागद त्याला हटवायला नको, त्याच्या हातात द्यायला हवा. सिलिकॉन वाढले म्हटल्यावर होज पाईप कुठे तडकतो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? आकडे प्रयोगशाळेने द्यावेत, जागा मिस्त्रीने शोधावी आणि इंजिन उघडायचे की नाही, हे मालकाने घरी वही समोर ठेवून ठरवावे. आठव्या वर्षी चांगला चालणारा ट्रक भीतीपोटी उघडला जाऊ नये आणि आतून झिजलेला ट्रक आशेवर चालवला जाऊ नये, एवढे त्या कपभर ऑईलने केले तरी पुष्कळ झाले.